भरलेली वही

त्या दुपारी शालन थोरवतच्या फोनवर एकशे बारा ओळी उमटल्या होत्या. शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या फोनवर तीन.

मुलीनं चोरून शालनच्या पडद्याकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. शालनच्या ते लक्षात आलं. तिनं फोन स्टँडवरून काढला, उपडा ठेवला आणि पदराच्या टोकानं उगाचच चष्मा पुसत बसली.

कराडजवळच्या वीज प्रशिक्षण केंद्रातला तो दुसरा दिवस होता. साल दोन हजार एकोणचाळीस. घराघरावर सौर पॅनेल आली होती, गोठ्यागोठ्यात बॅटऱ्या आल्या होत्या. वीज आता एकाच बाजूनं वाहत नव्हती, ती कुठूनही कुठंही जाऊ शकत होती. म्हणून वीज कंपनीनं सगळ्या वायरमन लोकांना नव्या पद्धतीचं दहा दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. तीस जणांच्या त्या वर्गात बहुतेक नुकतीच भरती झालेली मुलं-मुली होती. जुनी माणसं फक्त सात. शालन त्यांतली एक. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं ती पाटण खोऱ्यातल्या खांबांवर चढत होती. सुरुवातीला बाई खांबावर चढते म्हणून बघायला गर्दी जमायची. आता कुठल्याही वस्तीवर लाईट गेली की लोक म्हणायचे, "वायरमनबाईंना फोन लावा."

वर्गात कुणाकडे वही नव्हती, पेन नव्हतं. टिपणं काढण्याचं काम प्रत्येकाचा फोन करत होता. फोनात 'ठसा' नावाचं ॲप होतं आणि ठसा जे करत होता ते तोवर कुठल्याच यंत्राला जमलं नव्हतं. शिक्षकाचं बोलणं तो शब्दन् शब्द लिहीत नव्हता. माणसाच्या डोक्यात जे राहणार नव्हतं, तेवढंच तो लिहीत होता.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. आपल्या मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. एखादी गोष्ट आठवणीत मुरू लागली की हा पुंजका जागा होतो, आणि त्याच क्षणी डोळ्याची बाहुली केसभर रुंदावते. पापणीची पुढची उघडझाप किंचित लांबते. नाडीचा एखादा ठोका मागं-पुढं होतो. हे सगळं इतकं सूक्ष्म असतं की समोरच्या माणसाला दिसत नाही. फोनच्या कॅमेऱ्याला मात्र दिसतं. ठसा बनवणाऱ्या कंपनीनं चाळीस हजार विद्यार्थ्यांचे डोळे वर्षभर टिपले, महिन्यानं त्यांच्या परीक्षा घेतल्या आणि यंत्राला शिकवलं: डोळा असा हलला तर वाक्य ठसलं, तसा हलला नाही तर नाही ठसलं. दहातले नऊ अंदाज बरोबर येऊ लागले. मग काय, ठसलेली वाक्यं गाळायची आणि न ठसलेली लिहून द्यायची. घरी जाऊन विद्यार्थ्यानं तेवढंच वाचायचं. दोन तासांच्या वर्गाचा अभ्यास दहा मिनिटांत.

सहा वर्षांत ठसा शाळांत पोचला, कॉलेजांत पोचला, मग कारखान्यांच्या प्रशिक्षणवर्गात. 'कोरी वही' हा शब्द कौतुकाचा झाला. आयाबाया एकमेकींना सांगायच्या, "आमच्या पोरीची वही आठ दिवस कोरी आहे." ज्याची वही कोरी तो हुशार. कोरेपणावरून शंभरपैकी गुण मिळायचे, त्याला ठसांक म्हणायचे.

शालनचा त्या दिवशीचा ठसांक होता एकेचाळीस. आणि प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं गेलं होतं, की दहाव्या दिवशी ज्यांचा ठसांक साठच्या खाली असेल त्यांचा खांबावर चढायचा परवाना जाईल. त्यांना भांडारात बसवण्यात येईल.

---

"आई, दाखव ना. मी हसणार नाही."

ऋजुता शालनची एकुलती एक मुलगी. कराडलाच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि प्रशिक्षणाचे दहा दिवस शालन तिच्याच खोलीवर राहायला आली होती. ऋजुताचे वडील चिपळूणला एसटीच्या वर्कशॉपात. ते पंधरा दिवसांनी घरी यायचे. त्यामुळे या मायलेकींचं सगळं एकमेकींशीच.

ऋजुतानं फोन घेतला आणि ती हसली नाही. ओळी वर सरकवत राहिली. सरकवता सरकवता तिचा चेहरा उतरला.

"एवढ्या?"

"मला तर सगळं कळत होतं गं. मॅडम छान शिकवतात."

"कळणं वेगळं, आई. कळलेलं राहत नाहीये." ती थोडं थांबली. "हल्ली तुला काही विसरायला होतं का? म्हणजे नावं वगैरे?"

"नाही बाई."

"काल तू गॅसवर दूध ठेवून खाली गेलीस."

"फोन आला होता म्हणून गेले."

ऋजुतानं विषय तिथंच सोडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शालन निघाली तेव्हा खोलीची किल्ली ऋजुतानं आपल्याच पर्समध्ये ठेवली. "तू आधी आलीस तर मला फोन कर, मी येते," म्हणाली. संध्याकाळी आईचं जेवणाआधीचं औषध तिनं स्वतः मोजून हातावर ठेवलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कोल्हापूरला मेंदूच्या एक डॉक्टर आहेत. नुसतं दाखवून यायचं का?"

शालनला राग यायला हवा होता, पण आली ती भीती. ठसाच्या पडद्यावर लाल अंकात लिहिलेलं होतं आणि ते यंत्र चाळीस हजार माणसं तपासून बसलेलं होतं. ती अंथरुणावर पडल्या पडल्या डोळे मिटून पाटण खोऱ्यातल्या डीपी मोजू लागली. डीपी म्हणजे गावाबाहेर दोन खांबांवर बसवलेला तो ट्रान्सफॉर्मर. एकशे चौतीस डीपी. प्रत्येकीचं ठिकाण, तिच्यावर किती घरं, कुठली फ्यूज ढिली. सगळ्या आठवल्या. तरी भीती गेली नाही.

---

चौथ्या दिवशी ऋजुतानंच तिला युक्ती सांगितली.

"आई, तू ऐकताना काय करतेस?"

"काय म्हणजे? ऐकते."

"नाही. तू वाद घालतेस. टीव्हीवरच्या बातम्यांशीसुद्धा घालतेस. वर्गात नुसतं ऐक. वाक्य आलं की आत घे, की पुढचं. तुझ्या खांबांचं, तुझ्या वस्त्यांचं काही मनात आणू नकोस. आम्ही सगळे असंच करतो."

शालननं तसं केलं. अवघड गेलं, पहिला अर्धा तास मन सारखं खोऱ्यात पळत होतं. मग जमलं. बाईंचा आवाज ओढ्याच्या पाण्यासारखा कानांवरून जाऊ द्यायचा आणि मध्ये दगड टाकायचा नाही. त्या दिवशी आधीच्या तीन दिवसांची उजळणी होती, म्हणजे सगळी वाक्यं जुनीच. संध्याकाळी फोनवर पंचावन्न ओळी होत्या आणि ठसांक एकाहत्तर.

ऋजुतानं पेढे आणले. किल्ली आईच्या हातात ठेवली. शालनला इतकं हलकं वाटलं की तिनं नवऱ्याला फोन करून सांगितलं, "मी अजून शाबूत आहे हो."

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये यासीन मुल्लासमोर जाऊन बसली. यासीनभाई तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. एकोणीस वर्षं दोघं एकाच गाडीवरून हिंडत होते. एक वर चढला की दुसरा खाली उभा. यासीनभाईंचा ठसांक चव्वेचाळीसवर अडकलेला होता आणि त्यांनी त्याचं दुःख करणंही सोडून दिलं होतं.

"एकाहत्तर? अगं मग मला शिकव की," ते म्हणाले. "काल काय काय झालं सांग बघू."

शालननं सांगितलं. वहीत न बघता, घडाघडा. मीटरची रचना, बॅटरीच्या खुणा, मग काम सुरू करायची पद्धत. "लाईन बंद झाली की घरातले स्मार्ट मीटर सौर वीज आपोआप तोडतात. त्यामुळे काम करताना डीपीच्या बाजूला एकच अर्थिंग करावं. पुढच्या बाजूला दुसरा रॉड लावायची गरज नाही. त्यानं दर कामामागं पाच मिनिटं वाचतात."

यासीनभाई ताटातला भात कालवायचे थांबले.

"आणि तू तसं करशील?"

"म्हणजे?"

"मी वर असेन. तू खाली. दुसरा रॉड न लावता मला म्हणशील, यासीनभाई, धरा तार?"

शालनच्या तोंडातला घास तसाच राहिला. कारण तिच्या डोक्यात आलेलं पहिलं उत्तर 'हो' होतं. वाक्य ठसलं होतं.

सोळा वर्षांपूर्वी ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर लाईन बंद करून, परवानगी घेऊन ते दोघं काम करत होते. शालन खांबाच्या मध्यावर पोचली होती. यासीनभाईंनी नेहमीप्रमाणे पुढच्या, म्हणजे घरांकडच्या बाजूच्या तारेला अर्थिंगचा रॉड, म्हणजे तारेत चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी दांडी, टेकवला आणि कडाड्कन ठिणगी उडाली. कुणीतरी मळ्यात जनरेटर सुरू करून त्याची वायर मीटरच्या आधीच जोडून ठेवली होती. मेलेली लाईन जिवंत होती. तो रॉड नसता तर शालनचा हात आणखी दोन मिनिटांनी त्याच तारेवर पडला असता. त्यानंतर दोघांनी एकमेकांना काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या रॉडशिवाय काम मात्र कधीही केलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशीची तुमची वही दाखवा," शालन म्हणाली.

"लाज काढतेस होय?"

"दाखवा हो."

तिनं दोन फोन शेजारी शेजारी ठेवले. तिच्या एकशे बारा ओळी, त्यांच्या अठ्ठ्याण्णव. बऱ्याच वेगवेगळ्या होत्या. ती बोट फिरवत गेली आणि थांबली. दोन्हीकडे, जशीच्या तशी: 'पुढच्या बाजूला दुसरा रॉड लावण्याची गरज नाही.'

शालन उठली आणि कँटीनमधल्या बाकीच्या पाच जुन्या माणसांकडे गेली. कुणी वाईचा, कुणी कोरेगावचा, एक माणदेशातला. सगळ्यांचे ठसांक पन्नासच्या खाली, सगळ्यांच्या माना खाली. फोन मागितले तेव्हा दोघांनी का-कू केलं. शेवटी टेबलावर सात फोन एका ओळीत आले. ते वाक्य सातही वह्यांत होतं.

"विसरायचंच म्हटलं," शालन सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत, "तर प्रत्येक माणूस आपापलं वेगळं विसरेल ना? कुणी हे, कुणी ते. सात माणसं नेमकी तीच ओळ कशी विसरतील?"

यासीनभाईंनी सातही पडद्यांकडे पाहिलं. "आपण विसरलोच नाही," ते म्हणाले. "आपल्याला ते पटलं नाही."

---

देवयानी पेठे एकतीस वर्षांची होती, ठसा बनवणाऱ्या कंपनीची प्रशिक्षक. हुशार, कामाला वाघ, आणि घड्याळाची पक्की. सात जुने वायरमन एकदम तिच्या खोलीत शिरले तेव्हा ती दचकली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग नम्रपणे म्हणाली, "शालनताई, तुमचा अनुभव मी मानते. पण जुनी सवय मोडताना त्रास होतोच. अभ्यासक्रम तज्ज्ञांनी केलाय. मीटर सौर वीज तोडतात, हे हजार वेळा तपासलेलं आहे."

"मीटर तोडतात, मॅडम. जी वीज मीटरमधून येते ती."

"म्हणजे?"

"जी मीटरला वळसा घालून येते तिचं काय? खोऱ्यात चला माझ्याबरोबर. दहा मळ्यांमागं एका मळ्यात जुना जनरेटर सापडेल. त्याची वायर कुठं जोडलेली असते ते तुमच्या तज्ज्ञांना माहीत नाही, कारण ते आमच्या मागून कधी खांबाखाली उभे राहिलेले नाहीत."

देवयानीनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "तुमची मूळ नोंद बघू का? ओळी नकोत. डोळ्यांची नोंद."

तिनं लॅपटॉप उघडला. ठसा फक्त निकाल दाखवायचा; त्यामागचे आलेख सहसा कुणी उघडून बघत नसे. पडद्यावर शालनच्या बाहुलीची रेघ आली. आधी तिनं एक साधंच विसरलेलं वाक्य काढलं, बॅटरीच्या क्रमांकाचं. रेघ सपाट होती. डोळ्यानं दखलच घेतली नव्हती. मग दुसऱ्या रॉडचं वाक्य काढलं.

रेघ सपाट नव्हती. ती उशिरा उठली होती, खाली आली होती आणि पुन्हा उठली होती, पहिल्यापेक्षा उंच.

देवयानीनं यासीनभाईंची नोंद काढली. तशीच. कोरेगावच्या पवारांची काढली. तशीच दोन शिखरं.

"हे काय आहे?" शालननं विचारलं.

"विसरल्यावर असं होत नाही," देवयानी हळू म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पहिलं शिखर म्हणजे काहीतरी खटकलं. दुसरं म्हणजे मेंदू जुन्या आठवणी उपसतोय, ताडून बघतोय. आणि शेवटी वाक्य आत घेतच नाहीये. बाहेर ठेवतोय." तिनं खुर्ची मागं सरकवली. "आम्ही चाळीस हजार विद्यार्थ्यांवर यंत्र शिकवलं. सगळे सतरा ते बावीस वर्षांचे. त्यांच्याकडे ताडून बघायला काही नव्हतंच. म्हणून यंत्राला दोनच गोष्टी माहीत आहेत, ठसलं किंवा विसरलं. नाकारलं ही तिसरी गोष्ट त्याला कुणी शिकवलीच नाही."

"आणि काल मी मनात काही येऊ दिलं नाही," शालन म्हणाली, "तेव्हा एकाहत्तर आले."

देवयानीनं तिच्याकडे पाहिलं. दोघींनाही एकदमच त्या वाक्याचं वजन कळलं. बाहेरच्या वर्गात बसलेल्या, भराभर कोऱ्या वह्या मिळवणाऱ्या तेवीस मुलामुलींपैकी प्रत्येकाच्या डोक्यात ते वाक्य पक्कं ठसलेलं होतं. दहाव्या दिवशी ते खांबांवर जाणार होते. आणि जी सात माणसं त्यांना अडवू शकली असती ती भांडारात बसणार होती.

सगळ्यांना बाहेर थांबायला सांगून देवयानीनं कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. दार बंद होतं, तरी बोलणं बाहेर ऐकू येत होतं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल होते.

"अभ्यासक्रमात हात घालायचा नाही म्हणतायत. पुरावा हवा म्हणतायत. सात जणांचं मत हा पुरावा नाही."

"मग देऊ या की पुरावा," शालन म्हणाली. "उद्या सकाळी. सगळ्यांसमोर. मला कँटीनचा जनरेटर लागेल."

"माझी नोकरी जाऊ शकते, ताई."

"माझीही जातेच आहे, मॅडम."

देवयानीनं लॅपटॉप मिटला. मग हसली. "जनरेटर उचलायला किती माणसं लागतील?"

---

केंद्राच्या आवारात सरावासाठी सहा खांबांची लाईन होती. एका टोकाला छोटी डीपी, दुसऱ्या टोकाला विटांची एक खोली. तिच्यावर सौर पॅनेल, दाराशी स्मार्ट मीटर. खोलीला सगळे 'गिऱ्हाईक' म्हणत.

सकाळी तीसच्या तीस जण खांबांभोवती उभे होते. देवयानीनं सगळ्यांना फोन हातात घ्यायला सांगितलं. पुण्याचे साहेबही तिच्या फोनच्या पडद्यावरून बघत होते.

शालननं आधी गिऱ्हाईकाच्या खोलीमागं कँटीनचा जनरेटर ठेवला आणि त्याची वायर मीटरच्या आधीच्या तारेला जोडली. "मळ्यात असं असतं," ती मोठ्यानं म्हणाली. "कुणी मुद्दाम करत नाही. मीटर बदलताना जुनी वायर तशीच राहून जाते."

मग नव्या पद्धतीप्रमाणे काम सुरू झालं. डीपी बंद केली. डीपीच्या बाजूला रॉड लावला. तीस फोनांवर वीज कंपनीच्या नव्या ॲपमध्ये एकाच वेळी हिरवी अक्षरं उमटली: 'लाईन मृत. काम सुरू करा.'

शालन चौथ्या खांबावर चढली. हातमोजे, बेल्ट, शिरस्त्राण. वीजरोधक दांडीनं तिनं तिथला जंपर सोडवला. जंपर म्हणजे दोन बाजूंच्या तारा जोडणारा तुकडा.

"आता बघा," वरून ती म्हणाली. "जंपर सुटला. पुढची तार डीपीपासून तुटली. तुमचा रॉड त्या बाजूला आहे, मी या बाजूला. यासीनभाई, करा सुरू."

जनरेटर धडधडला. शालननं लांब दांडीच्या टोकाला बांधलेला साधा शंभर वॅटचा दिवा पुढच्या तारांना टेकवला.

दिवा लागला.

भर उन्हात, मेलेल्या लाईनवर, पिवळाधमक. खाली उभे असलेले सगळे एकदा दिव्याकडे बघत होते आणि एकदा हातातल्या हिरव्या अक्षरांकडे. शालनच्या शेजारच्या बाकावर बसणारी ती मुलगी, जिची वही रोज कोरी असायची, तिनं तोंडावर हात ठेवला होता.

"मी तिथं हात लावला असता," ती म्हणाली. "बाई, मी कामाच्या पहिल्याच दिवशी नक्की लावला असता."

"जनरेटर बंद," शालन ओरडली. "आता दुसरा रॉड लावा. मग पुन्हा सुरू करा."

पुढच्या बाजूला दुसरा रॉड लागला. जनरेटर सुरू होताच ठसका लागल्यासारखा गुदमरला आणि आपोआप बंद पडला. शालननं पुन्हा दिवा टेकवला. काळा ठिक्कर.

"हातमोजे घालूनच हात लावायचा," ती म्हणाली आणि तिनं पुढची तार मुठीत धरली.

मग मात्र आवारात जो गलका झाला तो कँटीनच्या आचाऱ्यापर्यंत पोचला. पोरं शिट्ट्या मारत होती. वाईचे ते गंभीर गृहस्थ टोपी हवेत फेकत होते. शालन खाली उतरली तेव्हा यासीनभाईंनी तिच्या हातातलं शिरस्त्राण घेतलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्याशी हस्तांदोलन केलं.

देवयानीच्या फोनवरून पुण्याच्या साहेबांचा आवाज आला, "पेठे, ती सात माणसं आणखी कुठल्या ओळींवर अडलीत?"

देवयानी म्हणाली, "सर, मी यादी काढूनच ठेवलीय."

---

ठसाचं रूप त्यानंतर सहा महिन्यांत बदललं. दोन शिखरांची खूण यंत्राला शिकवण्यात आली. आता ते दोन वेगळ्या रंगांत लिहू लागलं: विसरलेलं निळ्यात, नाकारलेलं भगव्यात. राज्यातल्या चौदा केंद्रांतल्या तीन हजार अनुभवी वायरमनच्या वह्या एकावर एक ठेवल्या गेल्या, तेव्हा तेवीस वाक्यांवर सगळ्यांच्या भगव्या ओळी एकाच जागी जमल्या. तपासणी झाली. तेवीसपैकी एकोणीस वाक्यं चुकीची किंवा अर्धवट निघाली. तीन हजार माणसं वर्षानुवर्षं जे अंगात बाळगून होती, जे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, ते पहिल्यांदाच कागदावर आलं. पुढं परिचारिकांनी, बोटीवरच्या खलाशांनी, साखर कारखान्यांतल्या बॉयलरवाल्यांनी आपापल्या भगव्या ओळी काढल्या. वर्गात शिकवणारे आता तास संपला की आधी विचारू लागले, "भगवं कुणाकडे आहे?"

ठसांकाची अट रद्द झाली. सातही जण खांबांवर परतले. देवयानीची नोकरी गेली नाही. अनुभवी माणसांच्या वह्या वाचण्याचा एक नवा विभागच तिच्या हाताखाली आला.

ऋजुतानं आईची माफी एकदाच मागितली, तीही तिच्या पद्धतीनं. प्रशिक्षण संपल्यानंतरच्या शनिवारी ती सकाळच्या गाडीनं पाटणला आली, आईबरोबर कामावर गेली आणि दिवसभर खांबाखाली उभी राहिली. प्रत्येक पावलाला विचारत होती, हे का, ते का, असं केलं नाही तर काय होईल. शालन वरून ओरडून उत्तरं देत होती. परतताना ऋजुता म्हणाली, "आई, माझ्याकडे ताडून बघायला काहीतरी पाहिजे. मी सुट्टीत येत जाईन."

"ये की," शालन म्हणाली. "पण बूट नीट घालून ये. हे चपलेचं काम नाही."

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, दुपारी तीनच्या सुमाराला, शालन मोरगिरीच्या बाजूला एका डीपीवर काम आटपून सामान गाडीत भरत होती. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"शालन थोरवत बाई का?" एका बाईचा आवाज होता. धाप लागल्यासारखा. "मी रमिला वळवी. धडगावकडून बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही. मी वायरमन आहे. आमचं प्रशिक्षण मागच्या महिन्यात झालं. नंबर पेठे मॅडमनी दिला होता."

"बोला."

"पाड्यावर तार तुटली होती. डीपीच्या बाजूला रॉड लावला. ॲपनं लाईन मृत दाखवली. साथीदार म्हणाला, चढ, उन्हाचं लवकर आटपू." ती थांबली. "मी दुसरा लावला. नुसता टेकवला हो. केवढी ठिणगी उडाली, बाई. रॉडचं टोक काळं झालंय."

शालन गाडीच्या पायरीवर बसली. यासीनभाई तिच्या चेहऱ्याकडे बघत जवळ आले.

"तू कुठं आहेस आत्ता? खांबावर?"

"नाही, नाही. खाली आहे. जमिनीवर उभी आहे." आणि मग ती बाई एकाएकी हसायला लागली, रडल्यासारखं, आवरता येईना असं. "जिवंत आहे. म्हणून म्हटलं, कुणाला तरी फोन करावा."

शालनच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि तीही हसली. मग तिनं घसा खाकरला.

"रमिला, ऐक. रॉड काढू नकोस. साथीदाराला घे आणि आधी तो जनरेटर कुठाय ते शोध. सापडला की बंद कर, वायर सोडव, पुन्हा दिवा लावून बघ. मगच चढ."

"चढू ना पण?"

"चढ की," शालन म्हणाली. "लोक लाईटची वाट बघत असतील."